उंचीचा हव्यास आणि हाडांचा धर्म

पीडितांसाठी शोधलेले उपाय कालांतराने निरोग्यांच्या हौसेसाठी वापरले जावेत, असे वैद्यकशास्त्रात अनेकदा घडले आहे. पाय लांब करून उंची वाढविण्याच्या शस्त्रक्रियेची आज हीच गत झाली आहे. अंगाने धडधाकट असलेले तरुण तिची चौकशी करू लागले आहेत आणि तिच्या जाहिरातीही होऊ लागल्या आहेत. म्हणून तिचे खरे स्वरूप विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालक-शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

या तंत्राचा पाया सैबेरियात घातला गेला. कुर्गान येथील गाव्रिल इलिझारॉव्ह (१९२१–१९९२) यांच्यापुढे महायुद्धात जायबंदी झालेले, हाडे न जुळलेले रुग्ण होते. त्यांच्यासाठी १९५० नंतरच्या काळात त्यांनी पायाभोवती बसणारी धातूच्या कड्यांची चौकट तयार केली. हाडातून आरपार ओवलेल्या ताणलेल्या तारा या कड्यांना जखडलेल्या असत. कापलेल्या हाडाची दोन टोके अगदी संथ गतीने दूर सारली, तर मधल्या फटीत नवे हाड धरते, हे त्यांनी दाखवून दिले. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमधील उंच उडीचा विजेता व्हॅलेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात जबर जखमी झाला. अनेक शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्यावर १९६८ मध्ये इलिझारॉव्ह यांनी त्याचा पाय सावरला. १९८१ मध्ये इटलीतील परिषदेत त्यांनी आपले काम मांडले आणि मग पश्चिमेकडील देशांनी ही विद्या उचलली. जन्मतः एक पाय आखूड असलेल्या मुलांना, पोलिओग्रस्तांना आणि अपघातात हाडाचा तुकडा गमावलेल्यांना ती वरदान ठरली, यात शंका नाही.

परंतु निसर्ग हे दान फुकट देत नाही. मांडीचे किंवा नडगीचे हाड कापल्यावर काही दिवस थांबून दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तेही पाव पाव मिलिमीटरच्या चार हप्त्यांत, अंतर वाढवावे लागते. घाई केली तर हाड धरत नाही. फार रेंगाळले तर ते मुदतीआधीच जुळून जाते. पाच सेंटिमीटर वाढीसाठी नुसते ताणण्यातच पन्नास दिवस जातात. नवे हाड अंगाचा भार पेलण्याइतके टणक होण्यास त्यानंतर कित्येक महिने लागतात. हाड वाढले तरी स्नायू, शिरा आणि मज्जातंतू त्याच वेगाने वाढतील असे नाही. गुडघा वा घोटा आखडणे, टाच उचललेली राहणे, तारांच्या जागी पू होणे, मज्जातंतूला इजा पोचणे, हाड न जुळणे, हे सारे धोके संभवतात. खर्च लाखांच्या घरात जातो, हे निराळेच.

अलीकडे हाडाच्या पोकळीत बसविण्याचा, बाहेरून चुंबकाने लांबविता येणारा खिळा निघाला आहे. त्यामुळे चौकटीचा जाच टळतो. हाडाचा धर्म मात्र बदलत नाही. पायावर लवकर भार देता यावा म्हणून काढलेला असाच एक पोलादी खिळा, त्याच्या भोवतालच्या हाडात दोष आढळू लागल्याने, उत्पादकांना २०२१ मध्ये परत घ्यावा लागला होता.

यावर कोणी म्हणेल की, सज्ञान माणूस स्वतःच्या देहाचा धनी आहे. त्याला अडविणारे आपण कोण? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ठेंगणेपणावरून झालेली चेष्टा शाळेच्या बाकापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत माणसाचा पिच्छा पुरविते, आणि ते दुःख खरे असते. पण संमती खरी ठरावयाची तर जोखमीची माहितीही पुरी हवी. शस्त्रक्रिया विकणाऱ्याने स्वतःच दिलेली माहिती पुरी असेलच, असे मानण्याचे कारण नाही. ज्या चीनमध्ये नोकरीच्या जाहिरातींतही उंचीची अट सर्रास घातली जाई, तेथे केवळ उंचीसाठी अशा शस्त्रक्रिया इतक्या बोकाळल्या की, पाय कायमचे अधू झालेल्यांच्या कहाण्या पुढे आल्यावर सरकारला २००६ मध्ये त्यांवर बंदी घालावी लागली.

आपल्याकडेही या रोगाचे मूळ हाडात नसून समाजाच्या मापदंडात आहे. वधूवरसूचक जाहिरातींतील उंचीचा रकाना, पोरांना 'टिंगू' म्हणून हिणविणारे वडीलधारे आणि वाढ संपलेल्यांनाही उंची देण्याचे आमिष दाखविणारी चूर्णे, हे सारे मिळून तरुणाच्या मनात न्यूनगंड पेरतात. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा विशीच्या आसपास मिटून गेल्या की, कोणतेही औषध वा लोंबकळणे उंची वाढवू शकत नाही, एवढे साधे शास्त्र तरी शाळेत शिकविले जावे. मूल वयाच्या मानाने खुंटलेले वाटले, तर चूर्ण आणण्यापेक्षा वेळीच डॉक्टरांना दाखवावे. त्या वयात काही कारणांवर इलाज असतो. आणि उंचीपायी खचलेला विद्यार्थी समोर आला, तर शल्यचिकित्सकाचा पत्ता शोधण्याआधी त्याला हिणविणाऱ्यांची तोंडे बंद करणे, हे आपणा शिक्षक-पालकांचे काम आहे. ते केले नाही, तर निरोगी पायांवर चालणाऱ्या करवतीची थोडी जबाबदारी आपल्याकडेही येते.