अंग बाहेर येते? ऑपरेशनखेरीजही उपाय आहेत

कंबर दुखते म्हणून आलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या बाईला चार प्रश्न जास्त विचारले की पुष्कळदा खरे दुखणे कळते. तेही माझ्यासारख्या पुरुष डॉक्टरसमोर नव्हे, तर आत इंजेक्शन घेताना सिस्टरच्या कानात. ‘खाली गोळा लागतो’, ‘उकिडवे बसले की अंग बाहेर येते.’ कुणी पाच वर्षे, कुणी पंधरा वर्षे हे सोसत असते. नवऱ्याला ठाऊक नसते, सुनेला सांगवत नाही. या गप्प राहण्यामागे लाज तर असतेच, पण तेवढीच मोठी एक भीती असते : डॉक्टरला कळले की तो पिशवी काढायला सांगणार!

ही भीती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. अंग बाहेर येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ऑपरेशन लागत नाही. लवकर दाखवले तर अनेकींना ते टाळता येते किंवा पुढे ढकलता येते.

आधी नेमके होते काय ते पाहू. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ती ताणून बांधलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी आणि गुदाशय यांना तिचा खालून आधार असतो. शिवाय गर्भाशयाला बाजूंनी चिवट बंधांनी धरून ठेवलेले असते. बाळंतपणात ही झोळी आणि हे बंध भरपूर ताणले जातात. लागोपाठची बाळंतपणे, अडलेले किंवा फार लांबलेले बाळंतपण, गर्भाशयाचे तोंड पुरते उघडण्याआधीच बाईला कुंथायला लावणे, वरून पोट दाबणे यांमुळे ती कायमची सैल पडू शकते. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत डोक्यावर हंडा घेणाऱ्या स्त्रीची झोळी पुन्हा घट्ट व्हायला सवडच मिळत नाही. पुढे पाळी गेली की स्त्री-हार्मोन कमी होऊन तेथील आवरण पातळ होते, आणि इतकी वर्षे कसेबसे तगलेले अंग खाली उतरू लागते.

सुरुवातीला गर्भाशय योनिमार्गातच थोडे खाली सरकते, मग तोंडाशी येते, शेवटी बाहेर लोंबू लागते. पुष्कळदा बाहेर दिसणारा गोळा पिशवीचा नसतोच. योनीची पुढची भिंत सैल होऊन तिच्यामागची लघवीची पिशवी खाली आलेली असते, किंवा मागच्या भिंतीतून गुदाशय. हे तपासल्याशिवाय कळत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो : हा कॅन्सर नव्हे, आणि याचा पुढे कॅन्सरही होत नाही. पहिल्या पायरीवरचे दुखणे शेवटच्या पायरीवर जाईलच असेही नाही. कित्येकींचे आहे तेथेच थांबते.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय फुकटचा आहे, म्हणूनच बहुधा त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तो म्हणजे या झोळीचा व्यायाम. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली तो प्रसिद्ध केला, म्हणून त्याला केगेलचा व्यायाम म्हणतात. आपल्याकडच्या योगातला मूलबंध ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो नवा वाटणार नाही.

चारचौघांत बसलेले असताना वायू सरू पाहतो आणि आपण तो आवळून धरतो, किंवा चालू लघवी मध्येच रोखतो. त्या वेळी जे स्नायू आत-वर ओढले जातात तेच हे स्नायू. ते आवळून मनात पाच आकडे मोजावेत, मग पाच आकडे सैल सोडावेत. सवय झाल्यावर दहापर्यंत जावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्या आठवड्यात निजून करावे, नंतर बसून, पुढे उभ्याने. श्वास रोखायचा नाही. पोट, मांड्या किंवा कुल्ले आवळायचे नाहीत. बहुतेक जणी चुकतात ते इथेच. पोटाला जोर देऊन खाली कुंथतात, आणि त्याने फायद्याऐवजी अपायच होतो. म्हणून एकदा तरी डॉक्टरीण बाईंकडून किंवा नर्सकडून नीट करते आहे ना, हे तपासून घ्यावे. लघवी रोखून पाहणे फक्त स्नायू ओळखण्यासाठी, एखाद-दुसऱ्या वेळी. रोज लघवी करताना हा व्यायाम करू नये.

फरक आठ दिवसांत दिसत नाही. निदान सोळा आठवडे नेटाने करावे लागते. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ४४७ स्त्रियांची पाहणी छापून आली. ज्यांना हा व्यायाम प्रत्यक्ष शिकवला त्यांचा त्रास, न शिकवलेल्यांपेक्षा निश्चित कमी झाला होता. अर्थात पूर्ण बाहेर आलेले अंग व्यायामाने आत जाणार नाही. सुरुवातीच्या पायऱ्यांवर मात्र हाच पहिला उपाय. शिंक, खोकला येण्याआधी किंवा बादली उचलण्याआधी हे स्नायू आवळून धरण्याची सवय लावली तर झोळीवरचा धक्का पुष्कळ वाचतो.

कारण मुख्य शत्रू आहे तो पोटातून खाली येणारा दाब. शौचाला कुंथणे हे त्याचे रोजचे कारण. पालेभाजी, कोंड्यासकट पिठाची भाकरी-पोळी, पुरेसे पाणी आणि लागल्यास रात्री इसबगोल. (शौचालयाला जावे लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्या बाया मी पाहतो. त्याने बद्धकोष्ठही होते आणि लघवीची जळजळही.) दुसरे कारण जुना खोकला. चुलीचा धूर असो वा दमा, त्यावर उपचार झालेच पाहिजेत, आणि दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर बेडका तपासून घ्यावा. वजन फार वाढलेले असेल तर तेही उतरवावे.

‘जड उचलू नका’ हे सांगणे डॉक्टरला सोपे असते. मोळी, हंडा, खताची पाटी उचलल्याशिवाय जिचे घर चालत नाही तिला ते सांगून काय उपयोग? म्हणून हे मी नवऱ्यांना आणि मुलांना सांगतो. पाण्याचा मोठा हंडा भरायचा तर घरातल्या पुरुषाने भरावा. ते जमत नसेल तर एका हंड्याऐवजी दोन लहान कळशांच्या दोन खेपा कराव्यात. बाळंतिणीला तर निदान दीड महिना जड काही उचलू देऊ नये.

दुसरा मोठा उपाय म्हणजे रिंग. प्लास्टिकची किंवा सिलिकॉनची ही मऊ कडी योनिमार्गात बसवली की ती गर्भाशयाला खालून टेकू देते. कल्पना फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्य यासाठी अर्धे डाळिंब वापरीत! आजची कडी वेगवेगळ्या मापांत मिळते. ती बसवायला भूल लागत नाही, ॲडमिट व्हावे लागत नाही. बसवल्यावर बाईला चालून, बसून, खोकून आणि लघवी करून पाहायला सांगतात. निसटली किंवा टोचली तर माप बदलतात. नीट बसली तर ती आत आहे हे जाणवतही नाही, आणि बहुतेक प्रकारच्या रिंग असताना पती-पत्नी संबंधांनाही अडचण येत नाही.

ऑपरेशन झेपणार नाही अशा वृद्धांसाठी, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी, अजून मूल हवे असलेल्यांसाठी, आणि हंगाम संपेपर्यंत थांबायचे आहे अशा शेतकरणीसाठीही रिंग उपयोगी. मात्र ती बसवून विसरायची नाही. प्लास्टिकची रिंग साधारण तीन महिन्यांनी बदलतात. सिलिकॉनची जास्त टिकते, पण तीही डॉक्टर सांगतील त्या मुदतीत काढून, धुऊन, आत जखम नाही ना हे पाहून पुन्हा बसवावी लागते. काही जणींना हे घरच्या घरी करायला शिकवता येते. वर्षानुवर्षे विसरलेली रिंग मांसात रुतते, घाण वासाचे पाणी जाते, रक्त येते. तेव्हा बसवल्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवावी. पाळी गेलेल्या स्त्रियांना डॉक्टर आत लावायचे हार्मोनचे मलमही देतात. ते मनाने आणून लावू नये.

घरचे काही उपाय मात्र ताबडतोब सोडावेत. कापडाचा बोळा आत ठेवणे हा सर्वांत वाईट, त्याने जंतू होतात. तुरटी, चुना, राख, कसली पूड आत भरणेही तसेच. अंग बाहेर आले तर हात स्वच्छ धुऊन, निजून, कमरेखाली उशी घेऊन हलकेच आत सारावे. जोर करू नये.

ऑपरेशनच्या विरुद्ध मी नाही. अंग पूर्ण बाहेर राहत असेल, रिंग टिकत नसेल, त्रास सोसवत नसेल तर ते करावेच. पण पिशवी काढणे हाच एक मार्ग नव्हे. पिशवी जागेवर ठेवून तिला वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनीच रूढ केल्या. नुसती पिशवी काढली आणि झोळी सैलच ठेवली तर योनीचा वरचा भाग पुढे खाली येऊ शकतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या सर्रास काढल्या गेल्याचे प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले, ते वाचकांना आठवत असेल. तेव्हा कुणी पहिल्याच भेटीत तारीख देऊ लागला तर ‘व्यायाम किंवा रिंग चालेल का?’ हे जरूर विचारावे, आणि जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घ्यावे.

लघवी अडली, बाहेर आलेले अंग आत जाईना, ते काळे-निळे पडले किंवा ताप भरला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जावे. त्यावर जखम दिसली किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसू लागले, तर अंगाचेच असेल म्हणून घरी बसू नये. त्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.