निरुत्तादे

बॅग हललीच नाही. मूठ सुटली तेव्हा कापड फाटावं तसा आवाज झाला, हात खांद्यापासून सरळ झाला आणि बॅगच्या चामड्यापाशी जाऊन थांबला. मध्ये अर्धं बोट अंतर राहिलं असेल. मुलानं ओशाळून मास्टरांकडे पाहिलं. मास्टर म्हणाले, "निरुत्तादे, तंबी." थांबवू नकोस, बाळा.

कुंभकोणमला मी आले होते तंजावरी मराठी लोकांना भेटायला. व्यंकोजीराजांच्या काळापासून कावेरीकाठी राहिलेली आणि साडेतीनशे वर्षांनीही घरात आपल्या परीची मराठी बोलणारी ही माणसं. त्यांच्यातल्याच एका निवृत्त काकांकडे उतरले होते. पहाटे महामहम तळ्याला फेरी, मग पितळी दवऱ्यातली कॉफी, मग काकांच्या पणजोबांच्या गोष्टी, असा बेत होता. तो दुसऱ्याच दिवशी मोडला. दर बारा वर्षांनी या तळ्यावर लाखोंची गर्दी लोटते. 2016 साली लोटली होती, आता 2028 साली लोटेल. एरवी पहाटे तिथे मधुमेहवाले चालतात. त्यांच्यात हा मुलगा एकटाच पळत होता. तळ्याभोवती सोळा दगडी मंडप आहेत, नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी बांधलेले. प्रत्येक मंडपापाशी थांबून तो खांबावर ठोसा टाकायचा, आणि प्रत्येक ठोसा दगडापासून अर्ध्या बोटावर थांबायचा. सोळा मंडप, सोळा ठोसे, एकाही बोटाला ओरखडा नाही. मी त्याच्या मागोमाग गेले. काकाही आले, दुभाषी म्हणून आणि नाराजीनं. "मारामारीत काय बघायचं?" हे त्यांनी मराठीत विचारलं, म्हणजे मुलाला कळू नये.

पितळी भांड्यांच्या दुकानावर पत्र्याच्या छपराखाली त्याची सरावाची जागा. खाली दिवसभर समया घासतात, वर दोन बॅगा लटकतात. आत पाऊल टाकलं की आधी वास येतो: गरम तिळाचं तेल, त्यात विरघळलेला कापूर, घाम आणि चुरगळलेलं विड्याचं पान. पान कशाला ते नंतर कळलं. तो वास माझ्या ओढणीला लागला तो पुण्यात आल्यावरही दोन धुण्यांत गेला नाही.

मुलगा तेवीस वर्षांचा. आठव्या वर्षापासून कराटे. दिवसा खालच्याच दुकानात कामाला. महिन्याभरानं त्याची पैसे घेऊन खेळायची पहिली किकबॉक्सिंगची लढत होती. पैसे किती, विचारलं तर हसला. जिंकलो तर नवे ग्लव्ह्ज येतील, म्हणाला.

त्याचा पंधरा वर्षांचा अभ्यास म्हणजे थांबण्याचा अभ्यास. स्पर्धेतल्या कराटेत ठोशाला 1 गुण, धडावरच्या लाथेला 2, डोक्यावरच्या लाथेला 3. आठ गुणांची आघाडी झाली की सामना संपला. पण ही डोक्यावरची लाथ लागायला नको, नुसती पोचायला हवी. जोरात लागली तर शिक्षा मारणाऱ्याला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, 2021च्या ऑगस्टमध्ये, पुरुषांच्या सर्वांत वजनदार गटाच्या अंतिम सामन्यात सौदीचा तारेग हमेदी 4-1 असा पुढे होता. त्यानं इराणच्या सज्जाद गंजजादेला मानेपाशी अशी लाथ घातली की तो आडवा झाला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. हमेदी बाद. सुवर्णपदक स्ट्रेचरवरच्या माणसाला. जग या प्रकाराला हसलं. मला मात्र तो निकाल या खेळाचा सगळ्यात प्रामाणिक क्षण वाटतो. ज्याला थांबता आलं नाही तो हरला, बस्स.

या मुलाला आता हेच विसरायचं आहे. एखादी गोष्ट शिकवणं मी पुष्कळदा पाहिलंय. विसरायला लावणं पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते फार सावकाश चालतं. कराटेत आडवं उभं राहून पुढचा पाय लांब टाकतात, टाचा उचलून उडत राहतात. अंतर हेच चिलखत. किकबॉक्सिंगमध्ये तोच लांब टाकलेला पाय समोरच्याच्या ताब्यात जातो. नडगीनं मांडीच्या बाहेरच्या बाजूवर लाथ बसते. पहिल्या दोन-तीन नुसत्या झोंबतात. पुढे पाय आपलं ऐकत नाही. ती अडवायची तर गुडघा उचलून आपल्या नडगीवर घ्यायची, हाडावर हाड. कराटेत एक हात मारतो तेव्हा दुसरा कमरेशी ओढतात. इथे कमरेशी गेलेला हात म्हणजे उघडा पडलेला गाल.

आणि हनुवटी. कराटेवाल्याची हनुवटी वर असते, ताठ, शाळेच्या कवायतीतल्यासारखी. इतरत्र प्रशिक्षक हनुवटीखाली टेनिसचा चेंडू धरायला लावतात. इथे मास्टर विड्याचं पान लावतात. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये पान, आणि तीन मिनिटं बॅगवर. मान वर गेली की पान खाली. पहिल्या फेरीत मी अकरा पानं मोजली. काकांचा जीव कळवळला. कुंभकोणमचं पान म्हणजे काय चीज आहे, ते असं पायदळी!

मास्टरांपाशी एक गोष्ट आहे आणि ती ते दिवसातून किमान दोनदा सांगतात. तादाशी सावामुरा. जपानचा कराटेवाला, विद्यार्थिदशेत विजेता. ओसामु नोगुची नावाच्या आयोजकानं 1966 साली किकबॉक्सिंग हे नाव बनवून नवा खेळ उभा केला, त्यात हा पहिला तारा. त्याच वर्षी जूनमध्ये त्याची गाठ समान सोर आदिसोर्न या थाई मुष्टियोद्ध्याशी पडली. "पदिनारु," मास्टर दोन्ही हातांची बोटं उघडून, मग सहा दाखवून म्हणाले. सोळा. सोळा वेळा सावामुरा जमिनीवर पडला. चौथ्या फेरीत सामना संपला.

काकांनी भाषांतर करताना स्वतःची भर घातली: तमिळमध्ये नव्या जोडप्याला सोळा संपदा लाभोत असा आशीर्वाद देतात. "ह्यानं सोळा वेळा काय कमावलं?"

मास्टरांना प्रश्न कळला असावा. सावामुरानं कमावलं, हे खरं. तो पुन्हा शिकला, जिंकत गेला, टीव्हीवर घराघरांत पोचला. 1973 साली जपानमधला व्यावसायिक खेळाडूंचा मोठा पुरस्कार बेसबॉलच्या सादाहारू ओला मागे टाकून त्याला मिळाला. मास्टर हे सगळं एका वाक्यात उरकतात. सोळावर मात्र परत येतात. मुलगा दमून कठड्याला टेकला की "पदिनारु". नडगीवर टेंगूळ आलं की "पदिनारु". मला वाटतं, त्या जपानी माणसाचे विजय त्यांना परके वाटतात. पडणं ओळखीचं आहे.

(ही विद्या मुळात आमच्या तमिळ बोधिधर्मानं चीनला नेली, असंही मास्टर म्हणाले. शाओलिनच्या मारविद्येशी त्याचं नाव जोडणारा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे त्याच्या मागाहून हजारेक वर्षांनी. मी गप्प बसले. आपल्याकडेही अशा गोष्टींचा तोटा नाही.)

पुढचं सांगते ते मला बोचतं म्हणून. कराटे टोकियोत एकदा ऑलिम्पिकमध्ये आलं आणि पॅरिसला गळलं. किकबॉक्सिंगच्या जागतिक संघटनेला 2021 साली ऑलिम्पिक समितीची मान्यता मिळाली, पण मैदानात बोलावणं नाही. मुलानं एक घर सोडलंय आणि दुसऱ्याच्या ओसरीवर उभा आहे. काका म्हणाले तसं, समया घासणं बरं, निदान उजेड दिसतो. मला ते पटत नाही आणि खोडताही येत नाही.

चौथ्या दिवशी बॅग हलली. धप्प असा बसका, ओला आवाज आला आणि पत्र्यावरची साळुंकी उडाली. मास्टर काही बोलले नाहीत. मुलानं आपल्या मुठीकडे पाहिलं, दुसऱ्याची वस्तू चुकून हातात आल्यासारखं. मग कोपऱ्यात बसून नडगीला कापराचं तेल चोळत राहिला, बराच वेळ.

संध्याकाळी निरोप घ्यायला गेले तर तिथे पोरांचा कराटेचा वर्ग भरला होता. शिकवत होता तोच. घरचा खर्च या वर्गाच्या फीवर चालतो, हे मास्टरांनी आधी सांगितलं नव्हतं. पांढऱ्या विजारीखाली जांभळ्या नडग्या झाकलेल्या. समोर सात वर्षांची एक मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी. त्यानं पाय उचलला, कमरेतून वळवला आणि तिच्या कानापाशी आणून ठेवला. रिबीन हलली. भिंतीशी बसलेल्या तिच्या आईनं फोनवरून मानही वर केली नाही.

मग मुलीची पाळी. तिनं शेजारच्या मुलाच्या दंडावर लाथ चांगलीच हाणली. मुलगा कळवळला, वर्ग हसला.

"निरुत्तु," तो म्हणाला. थांबव. आणि आपला तळहात तिच्या पायासमोर, अर्ध्या बोटावर धरून उभा राहिला.