शून्य भागिले शून्य

सी भाषेत एका ओळीचा प्रोग्रॅम लिहा: दशांशचिन्हाच्या शून्याला (०.०) तशाच शून्याने भागा आणि येईल ते छापा. इंटेलच्या प्रोसेसरवर, लिनक्समध्ये, जीसीसीने कंपाइल केलेला प्रोग्रॅम बहुधा उणे चिन्ह लावलेला ‘नॅन’ छापतो; क्लँगने केलेला, बिनचिन्हाचा. ओळ तीच, यंत्र तेच, आणि दोन्ही उत्तरं नियमात बसणारी, कारण नॅनचं चिन्ह कोणतं असावं हे नियमाने सांगितलेलंच नाही. पहिल्यात भागाकार प्रोसेसरने केला. दुसऱ्यात तो कंपायलरने आधीच उरकून ठेवला होता.

आधीच उरकण्याच्या या कारागिरीला स्थिरांक-प्रसरण म्हणता येईल. ‘अ’ तीन आहे आणि ‘ब’ म्हणजे ‘अ’ची चौपट, एवढं दिसलं की कंपायलर ‘ब’च्या जागी थेट बारा लिहून मोकळा होतो. १९७३ साली गॅरी किल्डॉल यांनी या पद्धतीला गणिती चौकट दिली. सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवणारे तेच किल्डॉल. १९९१ मध्ये वेगमन आणि झाडेक यांनी तिची जी सुधारित रीत प्रसिद्ध केली, तिचा वंश आजच्या कंपायलरांत नांदतो आहे. या रीतीत प्रत्येक चल एका तीन पायऱ्यांच्या जिन्यावर उभा असतो. सगळ्यात वर ‘अजून ठाऊक नाही’, मधे ‘हा अमुक आकडा’, तळाला ‘एकच एक आकडा सांगता येत नाही’. चलाने खाली उतरायचं, वर चढायचं नाही. फार तर दोनदा उतरता येतं, म्हणून काम कधीतरी संपणारच.

पूर्णांकांपुरतं हे सगळं सुरळीत चालतं. फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे दशांशचिन्हाच्या आकड्यांत, मात्र पाहुणे विचित्र असतात. विल्यम काहान यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या १९८५च्या आयईईई ७५४ मानकात अनंत आहे, शून्यं दोन आहेत (धन आणि ऋण), आणि नॅन आहे, म्हणजे ‘आकडाच नव्हे’. चौसष्ट बिटांत नॅन लिहिण्याच्या नऊ हजार लाख कोटींहून अधिक तऱ्हा आहेत! त्यातला कुठलाही नॅन कशाशीच समान नसतो, स्वतःशीसुद्धा नाही.

आता जिन्याकडे परत या. फेरी संपली की कंपायलर विचारतो, ‘या चलाचा आकडा मघाचाच आहे ना?’ हा प्रश्न त्याने फ्लोटिंग पॉइंटच्या समानतेने विचारला, तर नॅनच्या बाबतीत उत्तर कायम ‘नाही’. बदल झाला असं समजून तो पुन्हा फेरी मारतो, पुन्हा विचारतो, पुन्हा ‘नाही’. काम संपण्याची हमी इथेच निसटू शकते. दोन शून्यांचा घोळ याच्या उलटा. समानतेच्या चिन्हाला ती दोन्ही एकच वाटतात, पण एकाला त्यांनी भागलं की एकीकडे धन अनंत, दुसरीकडे ऋण अनंत. एका वाटेने धन शून्य आलं, दुसरीने ऋण, आणि कंपायलरने ‘एकच आकडा’ म्हणून गाठ मारली, तर प्रोग्रॅम चुकलाच. म्हणून इथे किंमत नव्हे, बिटं ताडून पाहावी लागतात. जीसीसीत आणि क्लँगमागच्या एलएलव्हीएममध्ये त्यासाठी वेगळी तुलनाच आहे.

शाळेत शिकलेलं बीजगणितही इथे जपून वापरावं लागतं. कुठल्याही संख्येत शून्य मिळवलं की तीच संख्या? ऋण शून्यात धन शून्य मिळवा, नेहमीच्या पूर्णनात (राउंडिंगमध्ये) धन शून्य येतं. शून्याने गुणलं की शून्य? अनंताला गुणून बघा, नॅन हाती येतो. गंमत म्हणजे शून्य वजा केलेलं नेहमीच्या पूर्णनात चालतं, मिळवलेलं चालत नाही.

मग सुरुवातीच्या ओळीत जीसीसीने हात का आखडला? शून्य भागिले शून्य केल्यावर उत्तराबरोबर प्रोसेसरमध्ये ‘अवैध क्रिया’ असं एक निशाणही वर होतं. भागाकार आधीच उरकला तर निशाण चढवणार कोण? म्हणून जीसीसी तो मूळ जागीच ठेवतो. क्लँग नेहमीच्या वापरात त्या निशाणाची फिकीर करत नाही. मला जीसीसीचा हा सोवळेपणा आवडतो, जरी त्या निशाणाकडे ढुंकून पाहणारे प्रोग्रॅम फार थोडे असतील.

आकडा नुसता वाचतानाही कंपायलर फसू शकतो. २०११च्या सुरुवातीला जावाच्या कंपायलरला २.२२५०७३८५८५०७२०१२ई-३०८ हा आकडा दिला की तो अडकून बसायचा. दशांशातून द्विमानात जाताना शेजारच्या दोन किमतींमध्ये त्याचे हेलपाटे चालू राहायचे. हाच आकडा बाहेरून मजकूर म्हणून आला, तर चालू सर्व्हरही ठप्प होऊ शकत असे; त्यामुळे दुरुस्ती तातडीने करावी लागली.

पवईच्या आयआयटीत जीसीसीच्या आतल्या रचनेचा अभ्यास बरीच वर्षं चालत आला आहे. तिथल्या उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला डेटा फ्लो विश्लेषणावरचा ग्रंथ २००९ साली आला. जिन्याची ही कल्पना मुळापासून समजून घ्यायची असेल, तर तो उघडावा.

आणि घाईत असलेल्यांसाठी ‘फास्ट-मॅथ’ नावाचा पर्याय आहे. तो दिला की नॅन आणि अनंत कधी येणारच नाहीत, असं कंपायलर धरून चालतो. गणितं भराभर आवरतात. मात्र ‘हा नॅन आहे का?’ असं विचारणारी तपासणी तुम्ही काळजीने लिहिली असेल, तर तिचंही उत्तर तो आधीच ‘नाही’ असं लिहून टाकतो आणि ती ओळ पुसून पुढे जातो.