सातपुड्यातील मृगयेचा हिशेब

उसाची तोड सुरू झाली, की नंदुरबार जिल्ह्यातील तळोदे व शहादे या तालुक्यांतून एक बातमी अलीकडे वारंवार येऊ लागली आहे. फडात बिबट्याची पिल्ले सापडली. वाड्यातली शेळी गेली. आणि कधी, दुर्दैवाने, एखाद्या घरातले मूलही गेले. ही बातमी वाचून शहरातील सुशिक्षित कुटुंबांत दोन मते तत्काळ उमटतात. एक म्हणतो, असली जनावरे मारून टाकावीत. दुसरा म्हणतो, माणसानेच त्यांच्या रानात घर केले, दोष माणसाचाच. दोन्ही मते घाईची आहेत. बिबट्या फडात का राहिला हे समजावयाचे असेल, तर आधी डोंगरातील हरिणांचा हिशेब पाहिला पाहिजे; आणि हरिणांचा हिशेब म्हटला, की शिकारीच्या हंगामाचा विषय ओघानेच येतो.

शिकारीचा हंगाम म्हणजे काय? ज्या देशांत हरिणांची शिकार कायद्याने चालते, तेथे वर्षाचे दोन भाग केलेले असतात. एका भागात परवाना घेऊन ठराविक जनावरे मारता येतात. दुसरा भाग बंद काळाचा. माद्या गाभण असतात, पाडसे अंगावर पीत असतात, त्या दिवसांत बंदूक खाली ठेवावयाची, एवढेच या नियमाचे मूळ तत्त्व. तत्त्व सोपे असले तरी त्याचा अंमल सोपा नाही. सांबराचा माजाचा काळ बहुधा हिवाळ्याच्या आरंभी येतो आणि पाडसे पावसाळ्याच्या सुमारास जन्मतात. चितळाचा माज उन्हाळ्यात असतो व त्याची पुष्कळ पाडसे थंडीत होतात. अर्थात पावसाळ्याचे चार महिने शिकार बंद ठेवली, तर सांबराला आधार मिळतो. पण चितळाच्या माद्या नेमक्या उघड्या हंगामात सापडतात. सर्व हरिणांना एकच पंचांग लागू पडत नाही.

हिंदुस्थानात 1912 सालच्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्यात ही कल्पना होती. प्रांतिक सरकारांना कोणत्याही नमूद प्राण्यासाठी सबंध वर्ष किंवा त्याचा काही भाग बंद काळ म्हणून जाहीर करता येत असे. माद्या व अल्पवयी जनावरे यांच्यापुरताही तो निराळा ठरविता येई. कायद्याच्या यादीत हरिणे होती, काळवीट होते, गवे होते, ससेही होते. परंतु वाघ, बिबट्या, लांडगा आणि कोळसून यांचे नाव त्या यादीत नव्हते. त्यांना बंद काळ नव्हता. उलट त्यांना मारणारास सरकारी बक्षीस मिळण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी होती. म्हणजे एकाच रानाच्या वहीतील एक पान कायद्याने जपले आणि दुसरे फाडण्यास उत्तेजन दिले.

यामागे निव्वळ क्रौर्य होते, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेश उजाड झालेला होता. शेते ओस पडून तेथे रान माजले होते, आणि वाघांमुळे गुरे व माणसे दोन्ही दगावत. 1825 साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम याने व त्याच्या सोबत्यांनी 1834 पर्यंतच्या दहा वर्षांत दोनशेहून अधिक वाघ मारले, असा हिशेब त्याच्या चरित्रात दिलेला आहे. त्या काळच्या शेतकऱ्यास हे उपकारच वाटले असतील. मात्र जे भिल्ल, मावची व कोकणी लोक त्याच डोंगरांत पिढ्यान् पिढ्या गुरे चारीत होते, त्यांनी वाघाची भीती बाळगूनही त्यास देव मानले. वाघदेवाची पूजा आजही त्या भागात होते. त्याने गुराढोरांना सांभाळावे, अशी त्यात मागणी असते. तो नाहीसा व्हावा, अशी नसते.

हिंस्र पशूंचा रानाच्या वहीतील वाटा किती, हे आता बरेच स्पष्ट झाले आहे. एका वाघास वर्षाकाठी चितळाएवढी सुमारे पन्नास जनावरे लागतात. आणि कळपाची घट भरून निघावयाची असेल, तर त्यासाठी मागे सुमारे पाचशेंचे भांडवल हवे. हा हिशेब व्याजाचा आहे. शंभरांतून दहा गेले तरी मुद्दल कायम राहते. पण त्याच कळपावर बंदूकवाल्यानेही आपले दहा मोजले, आणि चोरून फासे लावणारानेही मोजले, तर मुद्दलास हात लागतो. शिवाय वाघाच्या तोंडी म्हातारे, दुबळे व कोवळे अधिक लागते, तर शौकीन शिकारी नेमका भरल्या शिंगांचा उमदा नर निवडतो. म्हणून हंगाम ठरवावयाचा तर वाघाचा वाटा आधी बाजूस काढून, मागे उरेल त्यातूनच माणसाचा वाटा द्यावा लागतो.

हा वाटाच पुसून टाकला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. ॲरिझोना संस्थानातील कैबाब पठारावर 1906 साली हरिणांसाठी राखीव क्षेत्र झाले. तेथे हरिणांची शिकार बंद केली, आणि सोबतच शेकडो प्यूमा व हजारो कोयोटी मारले गेले. हरिणे वाढत गेली. त्यांनी झाडपाला तोंड पोहोचेल तेथवर खरडून खाल्ला. आणि 1924 पासूनच्या हिवाळ्यांत ती मोठ्या संख्येने उपासमारीने मेली. त्यांची नेमकी संख्या किती होती व मेंढ्या-गुरांची चराई घटल्याचा वाटा किती, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. एका बाजूस संपूर्ण अभय व दुसऱ्या बाजूस संपूर्ण संहार हे धोरण मात्र फसले, यात शंका नाही.

सातपुड्यात शेवट निराळा झाला. येथे वाघही गेला आणि हरिणही विरळ झाले. कारण बंदुकीबरोबर कुऱ्हाडही चालत होती. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली ती 1970 साली. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा व्यापक कायदा झाला, आणि 1991 च्या दुरुस्तीने शौकाच्या शिकारीचे परवाने संपले. आज भारतात हरिणांच्या शिकारीस हंगामच नाही. बारा महिने बंद काळ आहे. अपवाद थोडे आहेत. जनावर माणसाच्या जिवावर उठले, तर मुख्य वन्यजीव रक्षकास त्यास मारण्याची परवानगी देता येते. पिकांची नासाडी करणाऱ्या रोही व रानडुकरांबाबत महाराष्ट्र शासनाने 2015 साली स्वतंत्र तरतूद केली. परंतु आज अक्राणी व अक्कलकुव्याच्या डोंगरांत वाघाचा कायमचा वावर उरलेला नाही, आणि नुसत्या बंदीने तो परत येत नाही.

मोठा शिकारी गेला; मागे राहिला तो बिबट्या. तो थोडक्यात भागवून घेणारा प्राणी आहे. पायथ्याशी पाणी आले, ऊस व केळी उभी राहिली, त्यास आडोसा मिळाला. भक्ष्याची सोय तर गावानेच करून ठेवलेली होती. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या व 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यात सर्वांत मोठा कुत्र्यांचा, 39 टक्के.

मग बिबटे पकडून दूर नेऊन सोडावेत काय? पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात 2001 नंतर हा उपाय मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यात आला. तेव्हा माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. घाबरलेले, अनोळखी मुलुखात सोडलेले जनावर अधिक धोक्याचे ठरते, आणि रिकाम्या जागी दुसरे येऊन बसते. माणसांवर वारंवार हल्ला करणारे जनावर हटविलेच पाहिजे. त्याबाबत शेतकऱ्यास थांबावयास सांगणे निष्ठुरपणाचे होईल. पण दिसेल तो बिबट्या पकडणे हा निराळा आणि निरुपयोगी उद्योग आहे.

उपाय दोन ठिकाणी करावयाचे आहेत. गावात शेळ्यांना रात्री पक्का बंदिस्त गोठा हवा, उकिरडे व मोकाट कुत्री कमी व्हावीत, अंधारात मुलांना एकटे बाहेर पाठवू नये, आणि फडात पिल्ले सापडल्यास ती वनखात्याच्या देखरेखीखाली जागच्या जागी ठेवून आईस न्यावयास अवसर द्यावा; कारण पिल्ले हरवलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते. डोंगरात गवत, पाणी व झाडोरा राखून फासे आणि शिकारी कुत्री हटविली पाहिजेत, म्हणजे भेकर, चौसिंगे व सांबरे यांना पुन्हा थारा मिळेल. पहिला उपाय या हिवाळ्यात जीव वाचवील. दुसऱ्यास कित्येक वर्षे लागतील. पहिला करून दुसरा टाळला, तर तोडीच्या हंगामात तळोद्याच्या मजूर बाईस आपले मूल फडाच्या कडेला झोळीत निजविताना भय वाटतच राहील.