नॉर्मल रिपोर्टच्या पलीकडे

औषध देताना मूत्रपिंडाचा विचार करायचा, ही सवय डॉक्टरांच्या हाडीमांसी मुरली त्यात एका सूत्राचा वाटा मोठा आहे. कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली २४९ रुग्णांच्या आकड्यांवरून ते बसवलं. वय, वजन आणि रक्तातलं क्रिएटिनिन कळलं, की मूत्रपिंड किती काम करतंय याचा अंदाज येतो. या सूत्राचे उपकार मोठेच. पण त्यातून लागलेली शिस्त एकतर्फी होती: क्रिएटिनिन वाढलं की डोस कमी करा, नॉर्मल असेल तर पुढे चला.

दुसरी बाजू खरं तर दोनच वर्षांत दिसली होती. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं जास्त वेगाने रक्त गाळतात आणि टोब्रामायसिन लवकर शरीराबाहेर जातं, हे १९७८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. तरी त्याला ठसठशीत नाव आणि मोजमाप मिळायला २०१० उजाडलं. ब्रिस्बेनच्या अँड्र्यू उडी, जेफ्री लिपमन आणि सहकाऱ्यांनी ‘ऑगमेंटेड रीनल क्लिअरन्स’वर सविस्तर लिहिलं. मिनिटाला १३० मिलिलिटरच्या वर गती, ही सीमा पुढे रूढ झाली.

हे नेमकं घडतं कुणाला? बहुधा तरुणाला: अपघातात डोक्याला मार लागलेल्या, भाजलेल्या, सेप्सिस झालेल्या. शरीरात दाह उसळलेला असतो, हृदय जोरात रक्त ढकलत असतं, मूत्रपिंडाकडे जाणारा प्रवाह वाढतो. क्रिएटिनिन ०.६. रिपोर्ट पाहून सगळे निश्चिंत. आता आठ तासांची लघवी मोजू: १,४४० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला ३. त्यात क्रिएटिनिन ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ४० गुणिले ३, भागिले ०.६. उत्तर येतं २००! मेरोपेनेम, व्हँकोमायसिन किंवा फिट थांबवणारं लेव्हेटिरासेटाम नेहमीच्या डोसमध्ये अशा शरीरात टिकणार किती वेळ?

२०१४ च्या एका बहुकेंद्री पाहणीत, क्रिएटिनिन नॉर्मल असलेल्या अतिदक्षता विभागातल्या २८१ रुग्णांपैकी ६५ टक्क्यांमध्ये पहिल्या आठवड्यात एकदा तरी हा वाढलेला वेग सापडला. यामुळे उपचार फसतात का, यावर मात्र एकमत नाही. २०१३ च्या एका अभ्यासात तसा संबंध दिसला, २०१५ च्या दुसऱ्यात दिसला नाही. पण पुरावा पक्का होईपर्यंत मोजायचंच नाही, हे मला पटत नाही. मोजल्याने रुग्णाचं काहीच बिघडत नाही.

औषधांच्या माहितीपत्रकातही बदल दिसू लागला आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या सेफिडेरोकॉलच्या पत्रकात, गती १२० किंवा जास्त असेल तर आठऐवजी दर सहा तासांनी डोस द्या, असं स्पष्ट छापलेलं आहे. बहुतेक जुन्या अँटिबायोटिकांच्या पत्रकांत कमी करण्याचे तक्ते आहेत, वाढवण्याचे नाहीत.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना, नर्सना आणि फार्मासिस्टना एवढंच सांगणं आहे: कॅथेटर लावलेलंच असतं, लघवीची नोंद दर तासाला होतेच. तरुण रुग्णाचं क्रिएटिनिन कमी दिसलं, की त्या लघवीचा नमुना लॅबला पाठवा.