गरुडातल्या कृष्णविवराची फाइल

एक ओळ म्हणजे एक दिवस. पहिल्या रकान्यात सुधारित ज्युलियन दिनांक, मग २ ते २० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला किती फोटॉन पडले तो आकडा, शेजारी त्यातली अनिश्चितता. पुढे हेच मोजमाप तीन उपपट्ट्यांत. झाशीच्या सदर बाजारातल्या घरी ही फाइल क्षणात उतरते. ती भरण्याचे काम जपानची मॅक्सी ही क्ष-किरण दुर्बीण ऑगस्ट २००९ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून करते आहे. स्थानक साधारण ९२ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरते आणि तेवढ्यात मॅक्सी जवळजवळ सगळे आकाश चाळते. एकेका स्रोताच्या वाट्याला फेरीमागे जेमतेम मिनिटभर येते. क्ष-किरण वातावरणातच अडतात, त्यामुळे झाशीचे आकाश कितीही निरभ्र असले तरी यातले काही इथून दिसणार नाही.

मी आधी उघडते ती जीआरएस १९१५+१०५ ची फाइल. गरुड तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २८ हजार प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या बारापट वस्तुमानाचे हे कृष्णविवर सोबतच्या ताऱ्याचा वायू ओढून घेते. ऑगस्ट १९९२ मध्ये ते ग्रॅनाट उपग्रहाला दिसले. असे स्रोत सहसा काही महिने भडकतात आणि मग वर्षानुवर्षे शांत राहतात. हे मात्र पाव शतक तेजस्वी राहिले, आणि तेही सारखे बदलत. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ उपग्रहावर टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि इस्रो यांनी क्ष-किरण उपकरण पाठवले. त्याने याचे लागोपाठचे उद्रेक टिपले. विवराभोवतीच्या तबकडीचा आतला भाग रिकामा होतो, पुन्हा भरतो, असा त्यांचा एक अर्थ लावला जातो. दिवसाच्या सरासरीत ही धडधड विरून जाते. ती पाहायला २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटसारखी, एकाच स्रोतावर रोखलेली उपकरणे लागतात.

फाइलीत कुठे कुठे आकडा शून्याखाली जातो. क्षीण स्रोतातून पार्श्वभूमी वजा केली की असे घडतेच. हे बिंदू पुसण्याचा मोह होतो. पुसू नयेत, नाहीतर सरासरी खोटी फुगते. मधल्या रिकाम्या तारखाही रेषेने जोडू नयेत, असे माझे ठाम मत आहे. जे पाहिलेच नाही, ते आलेखात दिसता कामा नये.

२०१८ च्या मध्यापासून रेषा उताराला लागते. २०१९ च्या उन्हाळ्यात ती तळाशी गेलेली आहे, अधूनमधून एखादी उसळी तेवढी. विवराचा आहार संपला, असे कुणालाही वाटावे. पण त्याच काळात रेडिओ दुर्बिणींना तिथे जोरदार उद्रेक दिसत होते. क्ष-किरणांच्या वर्णपटातून दाट वायूचा आडोसा उघड झाला: आतली आग चालूच होती, ती झाकली गेली होती. आधीची पंचवीस वर्षे नोंदलेली नसती, तर हा अंधार नेमका किती विलक्षण आहे हे कळले नसते.

तेज मोजायला प्रमाण म्हणून क्रॅब तेजोमेघ धरतात, कारण तो स्थिर मानला जाई. २००८ पासून दोन वर्षांत तोही सुमारे सात टक्क्यांनी मंदावला. एकाच उपग्रहाने हे सांगितले असते, तर उपकरणच बिघडले असे म्हटले गेले असते. फर्मी, स्विफ्ट, आरएक्सटीई आणि इंटिग्रल या चारही उपग्रहांच्या नोंदींत तोच उतार निघाला.