मिक डूहन : चार गुण, एक पाय आणि एक अंगठा

विजेत्याची गोष्ट सांगायची म्हटली की माणूस आधी आकडे काढतो. मीही काढतो, म्हणजे ते एकदाचे होऊन जातील. मिक डूहन, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा, जन्म ४ जून १९६५. मोटारसायकल ग्रां प्रीच्या ५०० सीसी गटात १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षं विश्वविजेता. या गटात ५४ विजय. हे सगळं कुठेही मिळेल. मला आज बोलायचंय ते त्याच्या हरलेल्या वर्षाबद्दल. १९९२.

आधी गाडी समजून घेऊ. होंडाची एनएसआर ५००. टू-स्ट्रोक, चार सिलिंडर, वजन साधारण १३० किलो आणि ताकद १७०च्या आसपास हॉर्सपॉवर. म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या साध्या बाइकइतकं वजन आणि ताकद तिच्या कितीतरी पट. अशा गाडीचं मागचं चाक वळणातून बाहेर पडताना हमखास घसरतं. आधीच्या इंजिनात सिलिंडर ठरावीक अंतराने पेटायचे, टायरला सारखा रेटा बसायचा, त्याला सावरायला उसंतच नसायची. होंडाने १९९२ साठी चारही सिलिंडर जवळजवळ एकदम पेटतील अशी रचना केली. रस्सीखेच आठवा. सगळे मिळून एक हिसका देतात, मग क्षणभर पाय रोवून घेतात, मग पुन्हा हिसका. त्या क्षणभरात टायर पाय रोवतो. या रचनेला 'बिग बँग' नाव पडलं.

डूहनने त्या वर्षीच्या पहिल्या चार शर्यती जिंकल्या. मग दोनदा दुसरा आला, मग जर्मनीत पुन्हा पहिला. तेव्हा पहिल्याला २० गुण, दुसऱ्याला १५, मग १२, १०, ८, ६, ४, ३, २, १. म्हणजे सात शर्यतींत डूहनचे १३०. यामाहावर वेन रेनी, जो आधीची दोन्ही वर्षं विश्वविजेता होता, त्याचे ६५. बरोबर निम्मे. शर्यती उरल्या होत्या सहा. अशा वेळी लोक हिशेब सोडून देतात.

पुढची शर्यत नेदरलँड्समध्ये, असेनला. सरावात डूहन पडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. तशी अशी हाडं या खेळात नेहमी मोडतात. प्लेट घालतात, महिन्या-दीड महिन्यात माणूस परत येतो. तिथल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर खरं संकट सुरू झालं. पोटरीतले स्नायू घट्ट आवरणांच्या कप्प्यांत असतात. आत सूज आली की आवरण ताणत नाही, दाब वाढतो आणि रक्त आत जायचंच थांबतं. वेळेत दाब मोकळा झाला नाही तर स्नायू मरायला लागतात. पाय कापावा लागेल इथपर्यंत गोष्ट आली.

इथे डॉ. क्लॉडिओ कोस्टा येतात. इटलीचे डॉक्टर. शर्यतींच्या जागी फिरता दवाखाना उभा करायची कल्पना त्यांनी १९७७ मध्ये प्रत्यक्षात आणली. त्यांनी डूहनला विमानाने इटलीला नेलं. आणि मग जे केलं ते ऐकायला विचित्र वाटतं: त्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले. सुमारे दोन आठवडे. उजव्या पायाला रक्त मिळत नाही ना, मग डाव्या धडधाकट पायाचं रक्त त्याला पुरवायचं. शेजाऱ्याच्या नळाला पाइप जोडून पाणी घ्यावं, तसं. युक्ती चालली. पाय वाचला, पण घोटा जवळजवळ आखडून गेला.

दरम्यान डूहनच्या चार शर्यती हुकल्या. रेनी स्वतःही दुखापतीमुळे असेनला धावला नव्हता, पण पुढच्या तीन शर्यतींत त्याने ८, २० आणि १५ गुण मिळवले. फरक आला २२ वर. शर्यती उरल्या दोन.

अपघाताला जेमतेम आठ आठवडे झाले असताना डूहन ब्राझीलमध्ये गाडीवर बसला. पहिल्या दहांत येता आलं नाही, म्हणजे गुण शून्य. रेनी जिंकला. शेवटची शर्यत दक्षिण आफ्रिकेत, क्यालामीला; डूहन दोन गुणांनी पुढे. रेनी तिसरा आला, १२ गुण. डूहन सहावा, ६ गुण. शेवटचा हिशेब रेनी १४०, डूहन १३६.

आता जरा थांबून बघा. डूहन सहाव्याऐवजी चौथा आला असता तर त्याचेही १४० झाले असते. बरोबरी झाली की जास्त विजय कोणाचे ते बघतात. डूहनचे पाच, रेनीचे तीन. म्हणजे फक्त दोन क्रमांकांनी विश्वविजेतेपद गेलं, तेही नीट न वळणाऱ्या पायावर धावून.

त्याला त्या अवस्थेत गाडीवर बसू द्यायला हवं होतं का? लोक यावर भांडतात. माझं मत सांगतो. डॉ. कोस्टांचा विचार असा होता की रायडरला शर्यतीत परतायचंच असेल तर डॉक्टरने त्याला मदत करावी. मला हे पूर्ण पटत नाही. पडलेला रायडर मागून येणाऱ्यांच्याही वाटेत येतो, प्रश्न त्याच्या एकट्याच्या हाडांचा नसतो. पण हेही खरं की याच डॉक्टरने पाय वाचवला. कापायची भाषा चालू असताना 'थांबा' म्हणणारा माणूस तोच होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

पुढचा प्रश्न जास्त कठीण होता. मोटारसायकलचा मागचा ब्रेक कुठे असतो? उजव्या पायाशी. आपल्याकडे बरेच जण तोच जास्त दाबतात, पुढच्याला घाबरतात. रेसिंगमध्ये उलट असतं. गाडी थांबवायचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. मग मागचा कशाला? जोरात वेग वाढवताना पुढचं चाक उचलायला लागतं ते खाली ठेवायला, आणि वळणात गाडीची रेषा हलकेच आत ओढायला. म्हणजे मागचा ब्रेक हे अर्धं सुकाणूच. आणि डूहनचा नेमका तोच घोटा हलत नव्हता.

मग त्याच्या टीमने, म्हणजे जेरेमी बर्जेस या मुख्य मेकॅनिकच्या माणसांनी, १९९३ मध्ये मागचा ब्रेक हँडलवर आणला. गिअरलेस स्कूटरवर डाव्या हाताने मागचा ब्रेक लागतो, ते तुम्हाला माहीत आहे. पण रेसिंग बाइकवर डाव्या हाताची बोटं क्लचवर असतात. मोकळा राहतो तो अंगठा. म्हणून अंगठ्याने ढकलायची एक छोटी दांडी. सांगायला सोपं वाटतं, पण गाडी आडवी घातलेली असताना त्याच हाताने हँडल धरायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने ब्रेक तोलायचा. वर्षानुवर्षं जे पायाने केलं ते अंगठ्याला नव्याने शिकवायचं. त्या वर्षी तो एकच शर्यत जिंकला, मुजेल्लोची, आणि एकूणात चौथा आला.

१९९४ मध्ये १४ पैकी ९ शर्यती जिंकल्या. दुसऱ्या क्रमांकावरचा लुका कादालोरा १४३ गुणांनी मागे. १९९७ मध्ये १५ पैकी १२. त्या वर्षी तर त्याने बिग बँग सोडून सारख्या अंतराने पेटणारं जुन्या पद्धतीचं, आवरायला अवघड इंजिन मागून घेतलं.

काही जण म्हणतात, त्याला रान मोकळं मिळालं. रेनी सप्टेंबर १९९३ मध्ये मिसानोला पडला, मणका दुखावला, तो कायमचा व्हीलचेअरवर गेला. १९९३ चा विजेता केविन श्वांट्झही १९९५ मध्ये निवृत्त झाला. मुद्दा खोटा नाही. पण १९९२ च्या पहिल्या सात शर्यती पुन्हा बघा. त्यांत हे दोघेही होते.

डूहनची कारकीर्द मे १९९९ मध्ये हेरेझला संपली. ओला ट्रॅक, सरावातच पडला, पुन्हा पाय मोडला. त्या वर्षाच्या अखेरीस निवृत्ती जाहीर केली.

एक प्रश्न आलाय: आजचे रायडर असा ब्रेक वापरतात का? हो, मोटोजीपीमध्ये अनेक जण वापरतात, दोन्ही पाय धड असलेले. कारण उजव्या वळणात गाडी इतकी झुकते की बूट आणि रस्ता यांच्यात जागाच उरत नाही, पेडल दाबणार कसं? डाव्या वळणात अडचण नसते, तिथे पाय चालतो. म्हणून काहींच्या गाडीवर दोन्ही असतात, पेडलही आणि अंगठ्याची दांडीही. पुढच्या वेळी शर्यत बघाल तेव्हा उजव्या वळणात रायडरच्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवा.